इंजिनिअरला चांगलं लिहिता यावं लागते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या कॉलेजांमधली फायनल इयरची पोरंपोरी, बुटीबोरी आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत नवीन लागलेले ट्रेनी, परसोडीच्या आयटी पार्कात काम करणारे, पीडब्ल्यूडीत नुकतेच जेई (ज्युनिअर इंजिनिअर) झालेले, सगळे फिरून फिरून हेच विचारतात, कधी व्हॉट्सअपवर कधी लेक्चर संपल्यावर जिन्यात थांबवून. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. सगळं एका दमात वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा, तीच गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तिथं नंबर दिलाय.

प्र. १. सर, डिझाइन येते, कोडिंग येते, मशीन उघडून परत बसवता येते. मग लिहायचं काहून शिकायचं? ते तर आर्ट्सवाल्यांचं काम आहे ना?

लागते. आणि हे मी भाषेच्या प्रेमापोटी सांगून नाही राहिलो, कामाच्या हिशोबानं सांगतोय. गेल्या आठवड्यात ऑफिसात काय काय केलं ते आठवून पाहा: लॉगबुक भरलं, वर्क परमिट (काम सुरू करायची लेखी परवानगी) भरलं, व्हेंडरला मेल टाकला की माल स्पेसिफिकेशनप्रमाणे नाही आला, ब्रेकडाउनचा रिपोर्ट केला, इंडेंट टाकला, कोणाच्या तरी तिकिटावर उत्तर दिलं, ड्रॉइंगवर नोट लिहिली. हे सगळं लिहिणंच आहे, फक्त आपण त्याला लिहिणं म्हणत नाही, "कागदाचं काम" म्हणतो आणि शेवटच्या दहा मिनिटांत उरकतो.

इंजिनिअरचं काम एकट्यानं कधीच पुरं होत नाही. डिझाइन एक जण करते, बनवते दुसरा, चालवते तिसरा, आणि दहा वर्षांनी दुरुस्त करणारा तर तुम्हाला ओळखतही नसते. त्याच्यापर्यंत तुमचं डोकं पोचायचा रस्ता म्हणजे तुम्ही लिहून ठेवलेलं. तिथं चूक असली की तुमचं बरोबर डिझाइनसुद्धा त्याच्या हातात चुकीचं होते.

प्र. २. "चांगलं लिहिणं" म्हणजे नक्की काय? अलंकारिक भाषा? मोठे मोठे शब्द?

नाही नाही, अजिबात नाही. माझी कसोटी एकच आहे: वाचणाऱ्याला तुम्हाला फोन न करता पुढचं काम करता आलं पाहिजे. बस.

उदाहरण घ्या. मे महिना, बाहेर ४५ डिग्री, आणि सबस्टेशनच्या लॉगबुकात दिवसपाळीवाल्यानं लिहिलं, "ट्रान्सफॉर्मर चेक केला. टेम्परेचर थोडं जास्त. लक्ष ठेवणे." आता रात्रपाळीवाला काय करेल? कोणता ट्रान्सफॉर्मर, थोडं म्हणजे किती, कशावर लक्ष ठेवायचं आणि कुठवर? त्याच्या हातात काहीच नाही.

आता हे पाहा: "ट्रान्सफॉर्मर २, ऑइल टेम्परेचर दुपारी १२ ला ७१, ३ ला ७९. कूलिंग फॅन ३ बंद, मोटर जळली, स्पेअर उद्या सकाळी स्टोअरमधून मिळेल. दर तासाला रीडिंग घ्या. ८५ ला अलार्म आहे, ८२ झालं की वाट न पाहता फीडर ४ चा लोड ट्रान्सफॉर्मर १ वर घ्या आणि शिफ्ट इनचार्जला कळवा." आकडे तुमच्या प्लांटचे वेगळे असतील, पण बाज पाहा. काय, किती, कधी, काय झालं, काय राहिलं, आणि कोणत्या आकड्याला काय करायचं. यात एकही भारी शब्द नाही, व्याकरणाची एखादी चूक राहिली असती तरी चाललं असतं. हेच चांगलं लिहिणं.

प्र. ३. मी मराठी मीडियमचा, गोंदियाकडचा. इंग्रजी कच्चं आहे. मग माझं तर संपलंच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याचा चेहरा उतरलेला असते म्हणून नीट सांगतो. संपलं नाही. इंग्रजी कच्चं असणं आणि लिहिणं कच्चं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या पोरांचे असे रिपोर्ट मी पाहिलेत की चार पानं वाचूनही काय बिघडलं होतं ते कळत नाही.

आता आपल्या नागपूर विमानतळाजवळच्या मिहानमध्येच पाहा, तिथं बोइंग विमानांच्या देखभालीचं काम चालते. विमान क्षेत्रातल्या मेंटेनन्स मॅन्युअलसाठी एक खास सोपं इंग्रजी ठरवलेलं आहे, एएसडी-एसटीई १०० नावाचं स्टँडर्ड. त्याचा नियम काय? कृती सांगणारं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, माहिती देणारं जास्तीत जास्त २५ शब्दांचं. एका शब्दाचा एकच अर्थ. शब्दांची यादी ठरलेली, तीही छोटीशीच. हे का केलं, तर जगभरचे मेकॅनिक ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांनी वाचून विमानाचा नट बरोबर कसला पाहिजे म्हणून. म्हणजे जिथं जीव टांगणीला आहे तिथं मुद्दाम सोपं इंग्रजी मागतात, आणि आपण समजतो की सोपं लिहिलं तर आपण गावठी ठरू.

तर करायचं असं: छोटी वाक्यं. एका वाक्यात एकच कृती. क्रिया करणारा कोण ते लिहा. तुमच्या ट्रेडचे दोनतीनशे शब्द आणि पंचवीस-तीस वाक्यांचे साचे पक्के करा, लीक झालं, ट्रिप झालं, बदललं, टॉर्क दिला, अलाइनमेंट पाहिलं वगैरे. तेवढ्यावर नोकरीची पहिली काही वर्षं आरामात निघतात, बाकीचं वाचता वाचता येते.

प्र. ४. मग सरळ मराठीतच लिहिलं तर चालते का?

वाचणारा कोण आहे त्यावर. राज्य सरकारच्या ऑफिसात तर मराठीच पाहिजे, १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमापासून कारभाराची भाषा मराठी आहे, जेई झालेल्या पोरांना टिपणी मराठीतच लिहावी लागते आणि इंग्रजी मीडियमवाल्यांना तिथं घाम फुटते. क्लायंट बंगळुरूचा किंवा जर्मनीचा असेल तर इंग्रजी. पण शॉप फ्लोअरवर सेफ्टीची सूचना लावायची असेल तर तिथल्या लोकांना जी भाषा समजते तीच. १९४८ च्या कारखाना कायद्यातच तशी तरतूद केलेली होती की लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत असाव्यात. बुटीबोरीला कंत्राटी कामगार छत्तीसगड, मध्य प्रदेश, बिहारमधून आलेले असतात, तिथं मराठीसोबत हिंदी पण लावा.

आणि मराठीत लिहिताना "संपीडक", "झडप" असे शब्द शोधत बसू नका. लोक कॉम्प्रेसर म्हणतात, व्हॉल्व्ह म्हणतात, तेच लिहा. प्लांटमध्ये कोणी "झडप बंद करा" ओरडलं तर दोन सेकंद तरी सगळे एकमेकांकडे पाहतील, आणि कधी कधी तेच दोन सेकंद हाताशी नसतात.

प्र. ५. लिहिण्यावाचून काय कोणाचा जीव जाते का? थोडं जास्तच सांगून राहिले तुम्ही.

जाते. गेलेत.

६ जुलै १९८८, स्कॉटलंडजवळच्या उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाचा तेल आणि गॅसचा प्लॅटफॉर्म होता. कंडेन्सेटचे (गॅसमधून निघणाऱ्या द्रव इंधनाचे) दोन पंप, ए आणि बी. दिवसा ए पंप मेंटेनन्ससाठी बंद केलेला, आणि त्याच्या लाइनवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह पण उतरवलेला, त्या जागी नुसता ब्लँक फ्लँज, म्हणजे पाइपाचं तोंड झाकणारी चकती, लावलेला. पंपाचं परमिट वेगळं होतं आणि व्हॉल्व्हचं वेगळं. संध्याकाळपर्यंत व्हॉल्व्ह परत बसला नाही, आणि तो जागेवर नाही ही गोष्ट पाळी बदलताना रात्रीच्या माणसांपर्यंत पोचलीच नाही. रात्री पावणेदहाच्या सुमारास बी पंप ट्रिप झाला आणि चालू होईना. रात्रपाळीच्या लोकांना ए पंपाचं परमिट माहीत होतं, त्यावरून वाटलं की हा पंप परत लावता येईल, दुसऱ्या परमिटचा त्यांना पत्ताच नव्हता. पंप सुरू केला, फ्लँजमधून गॅस सुटला, स्फोट झाला. १६७ माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल १९९० मध्ये आला, १०६ शिफारशी होत्या, आणि त्यात परमिट आणि शिफ्ट हँडओव्हरचा मुद्दा अगदी ठळक होता. त्या रात्रीच्या लोकांना आपलं काम चांगलं येत होतं. कमी पडली ती एक ओळ, योग्य जागी लिहिलेली.

कोराडी, खापरखेडा, बुटीबोरी, जिथं कुठं तुम्ही पाळीत काम करता तिथं रोज दोन-तीनदा हाच क्षण येते. म्हणून मी लॉगबुकाच्या मागे एवढा लागतो.

दुसरं, छोटंसं. २३ सप्टेंबर १९९९ ला नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी पोचून हरवलं. एका टीमच्या सॉफ्टवेअरनं आकडे पाउंड-फोर्स सेकंदात दिले, दुसऱ्या टीमनं ते न्यूटन-सेकंद धरून वापरले. इंटरफेसच्या कागदावर मेट्रिक असंच लिहिलेलं होतं, म्हणजे लिहिलं होतं पण पाळलं नाही आणि तपासलं नाही. म्हणून आकड्यासोबत युनिट लिहा, दर वेळी, आणि दुसऱ्याचा आकडा घेताना युनिट विचारा, "ते तर समजलेलंच असते" म्हणून सोडू नका.

प्र. ६. पण साइटवर तर सगळं बोलूनच होते. फोनवर सांगितलं, समोरच्यानं हो म्हटलं, विषय संपला.

सिव्हिलवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. १७ जुलै १९८१ ला अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रिजन्सी हॉटेलमधले लटकते पादचारी पूल कोसळले, ११४ माणसं मेली. मूळ डिझाइनमध्ये एकच लांब रॉड दोन्ही मजल्यांच्या पुलांमधून जात होता. बनवायला सोपं पडावं म्हणून बदल झाला, एका रॉडच्या जागी दोन रॉड, आणि त्यामुळे वरच्या पुलाच्या जोडावर लोड दुप्पट झाला. हा बदल कसा मंजूर झाला? फॅब्रिकेटरकडचे, म्हणजे लोखंडी भाग बनवणारे, म्हणाले आम्ही फोन करून विचारलं होतं, इंजिनिअरच्या फर्मचे म्हणाले असा फोन आलाच नाही. आणि शॉप ड्रॉइंगवर मात्र इंजिनिअरचा शिक्का. त्यांची लायसन्स गेली.

आपल्याकडे साइट ऑर्डर बुक आणि हिंड्रन्स रजिस्टर असते ते यासाठीच. कॉन्ट्रॅक्टरला तोंडी सांगितलं तर त्याच दिवशी लिहून सही घ्या. जागा ताब्यात कधी आली, पावसानं किती दिवस काम बंद, लाइन शिफ्टिंगसाठी वीजवाल्यांना पत्र कधी गेलं, हे तारखेवार नसलं तर मुदतवाढीच्या वेळी आणि पुढे लवादात दोन्ही बाजूंचे लोक आठवणीवर भांडत बसतात आणि चार वर्षांनी कोणाचीच आठवण खरी राहत नाही. एमबीचं (मेजरमेंट बुक, ज्यावरून बिल निघते) तर सांगायलाच नको, तिथं खाडाखोड म्हणजे थेट पैशाचा प्रश्न.

प्र. ७. आम्ही सॉफ्टवेअरवाले. आमच्यात तर म्हणतात चांगला कोड स्वतःच डॉक्युमेंटेशन असते. मग?

अर्धं खरं आहे. चांगला कोड वाचून तो काय करते ते कळते. का करते ते नाही कळत. तीनदाच रीट्राय का, पाच वेळा का नाही? ही फील्ड रिकामी का सोडली? कोणत्या ग्राहकाच्या कोणत्या तक्रारीमुळे ही विचित्र अट टाकली? हे कोडमध्ये दिसत नाही, ते कमिट मेसेजमध्ये (कोडमधला बदल जमा करताना लिहायच्या नोंदीत) नाहीतर डिझाइन नोटमध्ये असावं लागते. "फिक्स्ड बग" असा कमिट मेसेज टाकणाऱ्यानं सहा महिन्यांनी स्वतःच तो ओळीओळीनं उलगडत बसायची तयारी ठेवावी.

आणि ज्या इंटरनेटवर तुमचा सगळा पगार चालते ते उभंच लिहिलेल्या टिपणांवर राहिलंय. ७ एप्रिल १९६९ ला स्टीव्ह क्रॉकर नावाच्या कॅलिफोर्नियातल्या एका पोस्ट ग्रॅज्युएट विद्यार्थ्यानं पहिली आरएफसी लिहिली. नावच "रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स", म्हणजे आम्ही असं ठरवून राहिलो, तुमचं काय म्हणणं? तेव्हापासून आजपर्यंत प्रोटोकॉल याच पद्धतीनं लिहून, वाचून, वाद घालून ठरतात. १९९७ च्या आरएफसी २११९ मध्ये तर फक्त हेच ठरवलंय की "मस्ट", "शुड" आणि "मे" यांचा अर्थ काय घ्यायचा. मस्ट म्हणजे करावंच लागेल. शुड म्हणजे सोडायचं असेल तर नीट कारण पाहिजे. मे म्हणजे तुमची मर्जी. सिव्हिलवाल्यांच्या आयएस कोडमध्येही "शॅल" आणि "शुड" यांच्यात असाच फरक आहे. तुमच्या रिक्वायरमेंटमध्ये "सिस्टीम फास्ट असावी" असं वाक्य असेल तर ते आजच दुरुस्त करा: किती सेकंदांत, किती युजर असताना, आणि नाही झालं तर काय.

प्र. ८. आमच्या ग्रुपवर सगळं टाकतो की. फोटो, व्हॉइस नोट, सगळं. लॉगबुकाची काय गरज?

व्हॉट्सअप वाईट नाही, फोटो तर फार कामाचा. पण तीन महिन्यांनी शोधून दाखवा. "गुड मॉर्निंग", वाढदिवसाचे केक आणि क्रिकेटच्या मधे तो व्हॉइस नोट कुठं गेला? फोन बदलला, माणूस नोकरी सोडून गेला, ग्रुपमधून निघाला, विषय संपला. नियम सोपा ठेवा: ग्रुपवर घाईचं कळवा, पण ठरलेलं आणि झालेलं त्याच पाळीत लॉगबुकात किंवा सिस्टीममध्ये जाऊ द्या. ग्रुपवरच्या "ओके भाऊ" ला मंजुरी समजू नका, कशाला ओके म्हटलं तेच नंतर सिद्ध होत नाही (फोनवरच्या मंजुरीचं काय होते ते प्र. ६ मध्ये आहे).

प्र. ९. कॉलेजचा प्रोजेक्ट रिपोर्ट तर कोणी वाचत नाही. सिनिअरचा घेतला, नाव बदललं, बाइंडिंग केलं, झालं. त्यात काय बिघडते?

माहीत आहे मला. परीक्षेच्या आठवड्यात कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत रात्री उशिरापर्यंत काळ्या कव्हरवर सोनेरी अक्षरं उमटत असतात आणि आतला मजकूर तीन बॅचेस जुना. काही मार्गदर्शक पण पाहत नाहीत, हेही खरं.

पण बिघडते. चार वर्षांत लांब काहीतरी स्वतः लिहायची ती एकच संधी असते. इंजिनिअरिंगच्या कोर्सांना मान्यता देणाऱ्या एनबीएच्या १२ प्रोग्रॅम आउटकम्सच्या (शिकून काय यायला पाहिजे त्याच्या) यादीत कम्युनिकेशन हा वेगळा मुद्दा होता आणि त्यात परिणामकारक रिपोर्ट आणि डिझाइन डॉक्युमेंट लिहिता येणं स्पष्ट घातलेलं होतं, म्हणजे कागदावर तर आपण मानलंय की हे इंजिनिअरचं काम आहे. वर्गात मात्र ते पहिल्या वर्षाच्या एका विषयात उरकून टाकतात, अर्ज कसा लिहावा आणि बायोडेटा कसा बनवावा एवढ्यावर, आणि मला याचं खरंच वाईट वाटते कारण पोरांमध्ये काही कमी नाही, त्यांना कोणी लिहायला लावून परत लाल पेनानं वाचून दाखवलेलं नसते. प्रॅक्टिकलच्या जर्नलपासून सुरू करता येते. "एम, अपॅरेटस, प्रोसिजर" फळ्यावरून उतरवण्याऐवजी आपल्या गटाचं रीडिंग पुस्तकातल्यापेक्षा वेगळं का आलं याच्या पाच ओळी स्वतःच्या लिहा. त्या पाच ओळी म्हणजे पुढच्या ब्रेकडाउन रिपोर्टची प्रॅक्टिस.

प्र. १०. चॅटजीपीटी सगळं लिहून देते आता. मग आम्ही शिकून काय करू?

वापरा. इंग्रजी नीट करायला, लांबलेलं आटपायला, मेलचा सूर मऊ करायला ते चांगलं आहे, प्र. ३ वाल्यांना तर मोठाच आधार झालाय.

पण त्याला तुमच्या फॅन ३ चं काही माहीत नाही. काय पाहिलं, काय मोजलं, कशाची शंका आहे, हे तुम्ही दिलं तरच ते मांडेल, आणि नाही दिलं तर रिकाम्या जागा छान वाटणाऱ्या वाक्यांनी भरून टाकेल. बेअरिंग फेल झालं म्हटलं की ते "अपुऱ्या लुब्रिकेशनमुळे" असं लिहून मोकळं होईल कारण बहुतेक ठिकाणी तसं असते. तुमच्याकडे मिसअलाइनमेंट असेल तर? खाली सही तुमची आहे. आणि क्लायंटचं ड्रॉइंग, टेंडरचे आकडे, सोर्स कोड बाहेरच्या टूलमध्ये टाकायच्या आधी कंपनीचा नियम पाहून घ्या.

अजून एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लिहिता लिहिता विचारातली भोकं दिसतात. रूट कॉज लिहायला बसलो की "म्हणून" या शब्दापाशी पेन थांबते, कारण आधीच्या ओळीवरून पुढची निघतच नसते, आणि मग आपण उठून परत मशीनकडे जातो. ते थांबणं दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही.

प्र. ११. प्लेसमेंटला, पगाराला याचा फरक पडते का?

पहिल्या नोकरीत कमी, नंतर बराच. वर चढता तसं स्पॅनर आणि कीबोर्ड कमी होते आणि प्रपोजल, मंजुरीची नोट, रिव्ह्यू, क्लायंटची पत्रं वाढतात. बाकी याचे ठोकताळे सांगणाऱ्यांवर फार विश्वास ठेवू नका.

प्र. १२. रिपोर्ट कोण वाचते, सगळे पीपीटी मागतात. मग पीपीटीच शिकू ना?

पीपीटी बोलताना आधार म्हणून ठीक. रिपोर्टच्या जागी नको. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान परतताना तुटलं, सात अंतराळवीर गेले, त्यात आपली कल्पना चावला होती. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला होता आणि यान वर असतानाच इंजिनिअरांनी त्याचं विश्लेषण स्लाइडवर दिलं. चौकशी मंडळानं नंतर ती स्लाइड अहवालात दाखवली: मथळा वाचून वाटते की धोका नाही, आणि हा तुकडा टेस्ट केलेल्या तुकड्यांपेक्षा कितीतरी मोठा आहे ही खरी बातमी खाली, बुलेटच्या आतल्या बुलेटमध्ये, छोट्या अक्षरात. तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइड वापरायच्या सवयीवर मंडळानं स्पष्ट टीका केली.

तर जी गोष्ट ऐकून साहेबांची झोप उडायला पाहिजे ती पहिल्या ओळीत लिहा. पुरावा खाली.

प्र. १३. सामान्य लोकांसाठी पण इंजिनिअरनं लिहायचं असते का? ते पीआरवाल्यांचं काम ना?

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीकाठच्या घरांमध्ये माणसं झोपेत असताना पाणी शिरलं. तलावाची पातळी मीटरमध्ये सांगून काठावरच्या आजीला काही कळत नाही. तिला कळायला पाहिजे की कोणत्या गल्लीत पाणी येऊ शकते, किती वेळ हाताशी आहे आणि कुठं जायचं. हे नीट सांगता येईल असा माणूस म्हणजे ज्याला उतार, नाला आणि विसर्ग समजते तो, म्हणजे इंजिनिअरच. पाणी बंदच्या नोटिशीचंही तेच, "तांत्रिक कारणास्तव पुरवठा बाधित राहील" यापेक्षा कोणता जलकुंभ, किती वाजेपासून किती वाजेपर्यंत, टँकर कुठं, एवढं लिहा.

आणि आपल्या व्हीएनआयटीला ज्यांचं नाव आहे त्या विश्वेश्वरैयांचंच पाहा. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुरानं हैदराबादची दाणादाण उडवली, तेव्हा निजाम सरकारनं त्यांना बोलावलं. त्यांनी पाहणी करून १९०९ मध्ये रिपोर्ट दिला की शहराच्या वरच्या बाजूला जलाशय बांधून पूर अडवा. पुढे ते मैसूरला गेले, बांधकाम दुसऱ्या इंजिनिअरांनी केलं, उस्मान सागर १९२० मध्ये पुरा झाला, मग हिमायत सागर. लिहिणारा माणूस तिथं नव्हता, रिपोर्ट होता.

प्र. १४. आमचे साहेब एक ओळ धड लिहीत नाहीत, पण मशीनच्या आवाजावरून फॉल्ट सांगतात. ते काय चांगले इंजिनिअर नाहीत?

आहेत. एक नंबर आहेत, आणि अशा माणसांना माझा मनापासून नमस्कार. चांगलं लिहिता येत नाही म्हणून इंजिनिअर वाईट असं मी कुठंच म्हटलं नाही. पण पाहा, त्यांच्यासाठी कोणीतरी लिहून राहिलंच असेल, एखादा ज्युनिअर, एखादा क्लार्क. आणि ज्या दिवशी ते रिटायर होतील त्या दिवशी तो आवाज ओळखणारा कानही गेटबाहेर जाईल. तुम्ही ज्युनिअर असाल तर आत्ताच त्यांच्यासोबत राउंड घ्या, ते बोलतील ते लिहून घ्या, कोणता आवाज, कोणत्या लोडला, उघडल्यावर काय निघालं. त्यांना वाचून दाखवा, ते दुरुस्त करतील. तुमचंही लिहिणं सुधारेल आणि त्यांचं ज्ञान प्लांटमध्ये राहील.

प्र. १५. जास्त लिहिणं पण त्रासच ना? आमच्याकडे एका बोल्टसाठी सहा फॉर्म आहेत.

बरोबर बोलता. कोणी वाचणार नाही, कोणाचा निर्णय बदलणार नाही असा कागद बंद करायची सूचना द्या, आणि तीही लिहून. फॉर्म जास्त झाले की लोक न वाचता टिक मारतात आणि मग त्यातला एक खरा महत्त्वाचा पण टिकमध्ये वाहून जाते. कोण वाचणार आणि वाचून काय करणार, या दोन्हीचं उत्तर नसेल तर नका लिहू.

प्र. १६. मला लिहिताना अक्षरं उलटसुलट होतात, लहानपणापासून. मला तर जमणारच नाही का?

जमते. डिस्लेक्सिया असणारे कितीतरी चांगले इंजिनिअर आहेत, आणि प्र. २ ची कसोटी परत वाचा, त्यात स्पेलिंगचा उल्लेखही नाही. फोनवर मराठीत बोलून टाइप करा, मग दुसऱ्या कोणाकडून एकदा वाचून घ्या. स्केच काढा, फोटोवर बाण मारा, तक्ता बनवा, बऱ्याचदा ते परिच्छेदापेक्षा चांगलं काम करते. आकडे आणि टॅग नंबर मात्र मोठ्यानं वाचून जुळवा, पी-१०१ आणि पी-११० मध्ये गोंधळ झाला तर तो नुसता स्पेलिंगचा प्रश्न राहत नाही. आणि इनचार्जला आधीच सांगून ठेवा, लपवण्यात खूप शक्ती जाते.

प्र. १७. मी रिपोर्टमध्ये खरं कारण लिहिलं तर साहेब म्हणतात, "ही ओळ काढ, उगाच अंगावर येईल." काय करू?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि याला सरसकट उत्तर नाही.

आधी आपली ओळ तपासा. "मेंटेनन्सच्या हलगर्जीपणामुळे" असं लिहिलं असेल तर साहेबांचं बरोबर आहे, ते काढा. तो निवाडा झाला, निरीक्षण नाही. "१२ मार्चला ग्रीसिंग ठरलेलं होतं, रजिस्टरमध्ये नोंद नाही, उघडल्यावर बेअरिंग कोरडं मिळालं" असं लिहा. यात कोणावर आरोप नाही आणि काढायला सांगणाऱ्याला कारणही सापडत नाही. बहुतेक भांडणं इथंच मिटतात.

तरीही काढायला सांगितलं आणि गोष्ट पैशाची किंवा सोयीची असेल, तर तुमचं म्हणणं मेलवर थोडक्यात नोंदवा आणि पुढे जा. पण जिवाचा धोका असेल तर नका काढू. रॉजर बोइझोली नावाच्या इंजिनिअरनं ३१ जुलै १९८५ ला आपल्या कंपनीच्या वरिष्ठांना मेमो लिहून चॅलेंजरसारख्या अंतराळयानांच्या रॉकेटमधल्या ओ-रिंगचा (जोडातून गॅस सुटू नये म्हणून बसवलेल्या रबरी कड्याचा) धोका सांगितला होता, माणसं मरतील हे स्पष्ट शब्दांत. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर फुटलं, सात जण गेले. त्याचं लिहिणं चांगलं होतं तरी ऐकलं गेलं नाही, म्हणजे चांगलं लिहिलं की लोक ऐकतातच असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण चौकशी आयोगासमोर तो मेमो होता, म्हणून धोका आधीच माहीत होता हे कोणाला नाकारता आलं नाही.

सरकारी नोकरीत असाल तर आणखी एक लक्षात घ्या, २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानंतर फाइलवरचा शेरा उद्या कोणीही नागरिक मागू शकते. साहेबांनी तोंडी सांगितलं तर नम्रपणे म्हणा, "सर, आपण तसा शेरा फाइलवर द्या, मी त्याप्रमाणे बदल करतो." बरेच साहेब तिथंच थांबतात. नाही थांबले तर जुना मसुदा तारखेसकट ऑफिसच्या फाइलमध्येच राहू द्या, घरी नेऊ नका, पेपरवाल्यांकडे पाठवू नका, आणि सेफ्टी ऑफिसरला लेखी कळवा. तेवढं करायला कोणाची परवानगी लागत नाही.